ब्रिटिशकालीन नोटांविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या कागदी चलनाविषयी नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील एकमेकांशी मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट किमतीच्या विचारणेने झालेला आहे. माझी विनंती अशी की, किमतीच्या आधी नोट नीट वाचावी. तिच्यावरचे गाव, तारीख, सही, क्रमांक आणि कागद यांतूनच ती कोणती आहे हे ठरते, आणि ते ठरल्याखेरीज किमतीची चर्चा व्यर्थ आहे.

प्रश्न : रविवार कारंजाजवळचा आमचा वाडा पाडण्यापूर्वी माळा रिकामा करताना पणजोबांच्या रोजकीर्दीत १९१७ ची एक रुपयाची नोट आणि ‘दोन रुपये आठ आणे’ असे इंग्रजीत छापलेली एक नोट सापडली. अडीच रुपयांची नोट खरोखर चलनात होती काय? घरातील मंडळी ती खोटी समजून टाकून देण्याच्या बेतात होती.

उत्तर : ती टाकून दिली नाही, हे फार चांगले झाले. अडीच रुपयांची नोट खरोखरच चलनात होती आणि आपल्याजवळच्या दोन नोटांपैकी तीच अधिक दुर्मीळ आहे.

या दोन्ही नोटांचा जन्म पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईतून झाला. त्या काळचा रुपया १८० ग्रेन वजनाचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. रुपयाचा सरकारी भाव १ शिलिंग ४ पेन्स असताना लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ४३ पेन्सांच्या वर गेली की नाण्यातील धातू नाण्याच्या दर्शनी मोलापेक्षा महाग ठरत असे. युद्धकाळात तसेच घडले. लोक रुपये वितळवू लागले, साठवू लागले आणि टांकसाळींना चांदी पुरेनाशी झाली. तेव्हा सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली आणि जानेवारी १९१८ मध्ये तिच्या पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची नोट आणली. एक रुपयाच्या नोटेवर पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र छापले होते. नोटेची सवय नसलेल्या माणसाला हा कागद म्हणजे रुपयाच आहे, असे पटवण्याची ती खटपट असावी, असे मला वाटते. कागदावरचा विश्वास मात्र सहजासहजी बसला नाही. १९१८ च्या पूर्वार्धात नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची चलन कार्यालयांवर रीघ लागली आणि अनेक ठिकाणी नोट मोडताना बट्टा द्यावा लागे. अखेर अमेरिकेने पिटमन कायद्यान्वये आपल्या साठ्यातील २० कोटी औंस चांदी हिंदुस्थान सरकारला विकली, तेव्हा ही ओढ कमी झाली. खर्चाच्या मानाने या छोट्या नोटा परवडत नाहीत म्हणून १ जानेवारी १९२६ पासून दोन्हींची छपाई थांबवण्यात आली. एक रुपयाची नोट पुढे १९४० मध्ये, पुन्हा युद्धामुळेच, परत आली. अडीच रुपयांची नोट मात्र परत कधीच आली नाही.

आपल्या नोटांवर कोणाची सही आहे, ते पाहावे. १९१७ च्या एक रुपयाच्या नोटेवर गुब्बे, मॅकवॉटर्स किंवा डेनिंग या सरकारी अधिकाऱ्यांपैकी एकाची सही आढळते, आणि संग्राहक सहीनुसार या नोटांची वेगवेगळी नोंद करतात. त्या पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकांतून दिल्या जात असल्यामुळे डावी कड पुष्कळदा किंचित ओबडधोबड असते. तो दोष समजून कड कात्रीने सरळ करण्याचा मोह कृपया टाळावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, ज्या रोजकीर्दीत नोटा सापडल्या ती वहीसुद्धा जपून ठेवावी. नोट कोणत्या पानांत होती आणि त्या पानावर कोणत्या वर्षाचा जमाखर्च आहे, हे एका कागदावर आजच लिहून ठेवावे. घरातून मिळालेल्या नोटेला असा पुरावा क्वचितच असतो.

प्रश्न : सिन्नरच्या एका जुन्या पेढीच्या कागदपत्रांत हिरवट छपाईची, एकाच बाजूला छापलेली आणि मधोमध कापलेली अर्धी नोट मिळाली. तिच्यावर ‘बॉम्बे’ असे छापले आहे. मागच्या कोऱ्या बाजूस शाईने काही नावे व शिक्के आहेत. ती नोट कोणी का कापली असेल? दुसरा अर्धा भाग नसल्याने ती निरुपयोगी आहे काय?

उत्तर : आपले पत्र वाचून मला अतिशय आनंद झाला, कारण या एका तुकड्यात त्या काळच्या व्यापाराची सगळी रीत सामावलेली आहे.

१८६१ च्या कागदी चलन कायद्यापूर्वी नोटा काढण्याचे काम खासगी बँका आणि बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे व बँक ऑफ मद्रास या तीन इलाखा बँका करीत असत. या कायद्याने तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. सरकारच्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र होते, परंतु त्यांच्या नकला होऊ लागल्याने १८६७ पासून रंगीत पार्श्वछपाईच्या नोटा आल्या. आपला तुकडा याच मालिकेतील दिसतो. या नोटांचा कागद इंग्लंडमधील लेव्हरस्टोक येथील गिरणीत हाताने साच्यावर तयार होत असे. नोट उजेडासमोर धरली की त्यात नागमोडी रेषा आणि अक्षरे यांचे जलचिन्ह दिसते.

‘बॉम्बे’ या शब्दाला त्या काळी कायदेशीर महत्त्व होते. देशाची विभागणी चलनमंडळांत केलेली होती. आरंभी कलकत्ता, मुंबई व मद्रास ही मंडळे होती आणि पुढे लाहोर, कराची, कानपूर, रंगून अशी आणखी मंडळे झाली. ज्या मंडळाने नोट काढली त्याच मंडळाच्या हद्दीत ती कायदेशीर चलन असे. मुंबई मंडळाची नोट कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने नाकारली तर त्याला कायद्याने भाग पाडता येत नसे. हे बंधन लहान रकमेच्या नोटांपुरते १९०३ ते १९११ या काळात टप्प्याटप्प्याने उठले. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालू लागली, आणि दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटांना १९१० व १९११ मध्ये तशी मोकळीक मिळाली. म्हणूनच या मालिकेतील नोटेची नोंद करताना रकमेइतकेच महत्त्व मंडळाच्या नावाला दिले जाते. एकाच रकमेची, एकाच सहीची नोट एका मंडळाची सहज मिळते, तर दुसऱ्या मंडळाची वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही.

आता कापण्याविषयी. मोठी रक्कम टपालाने पाठवताना ती वाटेत चोरीस जाऊ नये म्हणून व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत. एक तुकडा आधी पाठवत आणि तो पोहोचल्याचे कळले की दुसरा रवाना करीत. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी छापलेला असल्याने दोन्ही भाग जुळवून पूर्ण नोट सिद्ध करता येत असे. आज मिळणाऱ्या त्या काळातील अनेक नोटांना मागून कागदाची पट्टी चिकटवून जोडलेले दिसते, त्याचे कारण हेच आहे. अशी जोडलेली नोट तिच्या खऱ्या आयुष्याची खूण बाळगून असते, म्हणून त्या काळची ती पट्टी कधीही सोडवू नये.

मागच्या बाजूची नावे तर मुळीच पुसू नयेत. एकतर्फी छापलेल्या नोटेच्या कोऱ्या बाजूवर सराफ, पेढ्या आणि बँका आपली सही किंवा शिक्का करीत असत. ती अक्षरे मोडीत असतील तर मोडी वाचणारी जाणकार मंडळी आजही जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून ती वाचून घ्यावीत आणि कागदपत्रांतील नावांशी ताडून पाहावीत. बाजारात अर्ध्या नोटेला पूर्ण नोटेच्या मानाने फारच कमी किंमत येते. तरीही पेढीच्या दप्तरासह असलेला आपला तुकडा अभ्यासकाला एखाद्या कोऱ्या करकरीत नोटेहून अधिक काही सांगेल, असे माझे स्पष्ट मत आहे. तो दप्तरापासून वेगळा करून विकू नये.

प्रश्न : माझे आजोबा आणि वडील दोघेही नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरीस होते. नाशिकमध्ये छापलेल्या ब्रिटिशकालीन नोटांचाच संग्रह करावा, अशी इच्छा आहे. त्यात कोणत्या नोटा येतील?

उत्तर : नाशिककराने करावा असा याहून उचित संग्रह मला सुचत नाही.

नाशिकरोडचा छापखाना सुरू होईपर्यंत आपल्या नोटा इंग्लंडमध्ये छापून जहाजाने येत. १९२८ मध्ये येथे नोटांचा छापखाना उभा राहिला, छपाई हळूहळू इकडे आली आणि १९३२ पर्यंत देशाच्या सर्व किमतींच्या नोटा नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. त्यामुळे पाचव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांपासून आपण आरंभ करू शकता. चित्राची ही मालिका १९२३ मध्ये दहा रुपयांच्या नोटेने सुरू झाली आणि तिच्यावर डेनिंग, टेलर व केली यांच्या सह्या आहेत. यांपैकी सुरुवातीच्या नोटा इंग्लंडच्या आणि नंतरच्या नाशिकच्या, एवढे ध्यानात ठेवावे.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तरी तिची स्वतःची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली. मधल्या काळात आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली आणि त्याच्या चित्राच्या नोटांचा बेत रद्द झाला, हे या विलंबाचे एक कारण होते. पहिली नोट सहाव्या जॉर्जच्या चित्राची, पाच रुपयांची होती. त्याच वर्षी दहा, शंभर, एक हजार आणि दहा हजारांच्या नोटा आल्या. दहाच्या नोटेमागे हत्ती आणि शंभराच्या नोटेमागे वाघ आहे. बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. ब्रिटिश काळातील रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर जे. बी. टेलर किंवा चिंतामणराव देशमुख यांचीच सही मिळते. देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या या मराठी माणसाची सही इंग्रज राजाच्या चित्राशेजारी पाहताना मला आजही अभिमान वाटतो. आपल्या संग्रहात ती असायलाच हवी, आणि पाच किंवा दहा रुपयांच्या नोटेवर ती फारशी महाग पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी या नोटांच्या इतक्या उत्तम नकला केल्या की नोटेची रचनाच बदलावी लागली. बाजूने दिसणारा राजाचा चेहरा जाऊन समोरून दिसणारा आला, जलचिन्ह बदलले आणि आपल्याकडे प्रथमच नोटेत सुरक्षा धागा घालण्यात आला. एकाच किमतीच्या या दोन्ही प्रकारच्या नोटा शेजारी ठेवल्या की युद्धाचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो.

याशिवाय नाशिकने इतरांसाठीही नोटा छापल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या ‘उस्मानिया शिक्का’ या चलनाच्या नोटा आधी लंडनच्या वॉटरलो कंपनीत छापल्या जात, त्या पुढे येथे छापल्या जाऊ लागल्या. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर आपल्याच नोटांवर ‘फक्त ब्रह्मदेशात कायदेशीर चलन’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापून त्या तिकडे वापरल्या गेल्या, आणि पुढे रिझर्व्ह बँकेने ब्रह्मदेशासाठी स्वतंत्र नोटा काढल्या. फाळणीनंतर १९४८ मध्ये पाकिस्तानसाठीही सहाव्या जॉर्जच्या नोटा नाशिकमध्येच ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ या इंग्रजी व उर्दू अक्षरांसह छापून देण्यात आल्या. मात्र या शेवटच्या प्रकारात अत्यंत सावध राहावे. साध्या, स्वस्त नोटेवर नंतर रबरी शिक्का किंवा छपाई करून ती पाकिस्तानची म्हणून विकण्याचे प्रकार होतात. भिंगातून पाहिल्यास बनावट अक्षरांची शाई दुमडींच्या आत उतरलेली किंवा झिजलेल्या भागावरही ताजी दिसते. नोट जुनी आणि अक्षरे नवी, असा थोडा जरी संशय आला तरी खरेदी करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात ओल लागून नोटांवर पिवळे डाग पडले आहेत आणि एक फाटली आहे. साबणाच्या पाण्याने हलके धुऊन, इस्त्री करून लॅमिनेट कराव्यात काय? (पंचवटी)

उत्तर : यांपैकी काहीही करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. लॅमिनेशनच्या उष्णतेने प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरते आणि ते पुन्हा काढता येत नाही. धुण्याने कागदातील कस जातो आणि रंग फिके होतात. इस्त्रीने उठावाची छपाई चपटी होते. शिवाय धुलाईच्या साबणातील चमक आणणारी द्रव्ये कागदात राहतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या कागदात अशी द्रव्ये वापरली जात नसत, म्हणून अस्सल जुनी नोट अतिनील दिव्याखाली मंद दिसते. साबणाने धुतलेली अस्सल नोटही त्या दिव्याखाली बनावट नोटेसारखी चमकू लागते आणि आपणच तिच्या अस्सलपणाविषयी शंका निर्माण करून ठेवतो.

फाटलेल्या नोटेला सेलोटेप लावू नये, कारण त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. नोटा पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटांत, सपाट ठेवाव्यात. बाजारातील मऊ, वासाच्या पीव्हीसी अल्बममध्ये मुळीच ठेवू नयेत, त्यातून निघणारे पदार्थ शाईला चिकटतात. गोदाकाठच्या जुन्या घरांत भिंतीला लागून असलेली कपाटे ओल धरतात, म्हणून पेटी आतल्या कोरड्या भिंतीकडे, जमिनीपासून उंच ठेवावी. तिच्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी पाकिटे तपासून कसर लागली आहे काय ते पाहावे, परंतु नोटा उन्हात वाळत घालू नयेत. डाग आणि फाट जशी आहे तशी राहू द्यावी. नोट खरोखरच दुर्मीळ असेल तर कागद-संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी.

प्रश्न : ब्रिटिश काळातील हजार रुपयांची नोट घरात ठेवणे गुन्हा आहे काय? बँक ती बदलून देईल काय? मोबाइलवर एका जाहिरातीत अशा नोटेला लाखो रुपये देऊ असे सांगून आधी नोंदणी शुल्क मागितले आहे.

उत्तर : शुल्क देऊ नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की जुन्या नोटा व नाणी यांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि तिच्या नावाने पैसे मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. खरा खरेदीदार नोट पाहून पैसे देतो, आधी मागत नाही.

पाचशे, एक हजार आणि दहा हजारांच्या नोटा १२ जानेवारी १९४६ च्या वटहुकुमाने रद्द झाल्या. त्यामुळे आपली नोट बँक बदलून देणार नाही. २०१७ च्या कायद्याने जुन्या नोटा बाळगण्यावर जी मर्यादा घातली, म्हणजे दहापेक्षा अधिक किंवा अभ्यासासाठी पंचवीसपेक्षा अधिक नोटा न बाळगण्याची, ती २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटांपुरती आहे. तिचा आपल्या नोटेशी संबंध नाही. संग्रह म्हणून आपण ती निर्धास्तपणे ठेवू शकता. १९४६ मध्येच या नोटा मोठ्या प्रमाणावर परत गेल्यामुळे आज ती दुर्मीळ आहे आणि त्याच कारणाने तिच्या नकलाही पुष्कळ आहेत. जलचिन्ह, कागद आणि सही एखाद्या जाणकाराकडून प्रत्यक्ष तपासून घेतल्याशिवाय कोणालाही ती विकू नये. तिचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्रही जाहिरातदाराला पाठवू नये, कारण त्या छायाचित्राच्या आधारे तिसऱ्याच माणसाला फसवले जाते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. हाती पैसे थोडे आहेत. आरंभ कोठून करावा आणि नाशिकमध्ये हे शिकायला कोठे मिळेल?

उत्तर : एकदम व्हिक्टोरियाच्या काळाकडे जाऊ नये. १९४० ची एक रुपयाची, १९४३ मध्ये प्रथम निघालेली दोन रुपयांची आणि देशमुखांच्या सहीची पाच रुपयांची, अशा तीन वापरलेल्या पण न फाटलेल्या नोटा घ्याव्यात. टाचणीची छिद्रे असली तर हरकत नाही. त्या काळी नोटांच्या गड्ड्या टाचणीने टोचूनच ठेवत असत. प्रत्येक नोटेचा क्रमांक, सही, जलचिन्ह, कोणाकडून व कोणत्या दिवशी घेतली, हे वहीत लिहावे. नोटा घेताना पावती मागावी आणि पावती देण्यास जो तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नये.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था आहे. तिचा भर प्रामुख्याने नाण्यांवर असला तरी पुरावा कसा तपासावा आणि नोंद कशी ठेवावी, याची दृष्टी तेथील संग्रहालय पाहून मिळते. कागदी चलनासाठी मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. तेथे अस्सल नोटा काचेमागे का होईना, जवळून पाहता येतात. पहिली खरेदी करण्यापूर्वी ते पाहून यावे, सोबत भिंग आणि वही न्यावी, आणि जी नोट आपण घेणार आहात तिच्या जोडीची नोट तेथे असेल तर तिच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबावे.